रस्त्यांचे ग्रंथालय

अमेरिकेच्या केंद्रीय परिवहन विभागाचे एक डिजिटल ग्रंथालय आहे. वाहतूक या एकाच विषयावरचे अहवाल, संशोधन-निबंध, आकडेवारी आणि जुनी कागदपत्रे त्यात साठवलेली असून जगातला कोणीही ती शुल्क न देता वाचू शकतो. त्याचे अधिकृत नाव 'रिपॉझिटरी अँड ओपन सायन्स ॲक्सेस पोर्टल'. सरकारी नावे कुठल्याही देशातली असोत, जिभेवर रुळत नाहीत. पण या नावाची आद्याक्षरे जुळवली की 'रोझा पी' असे होते, आणि ती जुळणी हेतुपूर्वक केलेली आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीने बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायचे नाकारले. तिला अटक झाली आणि त्या शहरातील कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरला. परिवहन विभागाने आपल्या कागदपत्रांच्या भांडाराला एका बसच्या उतारूचे नाव द्यावे, हे मला मनापासून आवडले. आपल्याकडे ते एखाद्या माजी मंत्र्याचे असते.

नावापेक्षाही मला त्याच्या पाठीमागचा कायदा अधिक महत्त्वाचा वाटतो. अमेरिकन काँग्रेसने १९९१ च्या कायद्याने परिवहन सांख्यिकी विभाग निर्माण केला आणि १९९८ च्या परिवहन कायद्यात त्याच विभागात 'राष्ट्रीय परिवहन ग्रंथालय' स्थापन करण्याची तरतूद केली. २०१२ च्या कायद्याने त्याचे काम आणखी वाढवले : वाहतुकीविषयीची माहिती मिळवणे, जपणे आणि केंद्र, राज्य व स्थानिक संस्थांतील निर्णयकर्त्यांना ती उपलब्ध करून देणे. पुढे २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान कार्यालयाने आदेश काढला की, संशोधनावर वर्षाला दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च करणाऱ्या प्रत्येक विभागाने त्या खर्चातून निघालेले लेखन जनतेला खुले करण्याची योजना आखावी. परिवहन विभागाची योजना २०१५ मध्ये आली. २०२२ च्या दुसऱ्या आदेशाने वर्षभर वाट पाहायला लावण्याची जी सवलत नियतकालिकांना होती, तीही काढून टाकली. ज्याला विभागाचा पैसा मिळाला, त्याने आपला अहवाल या ग्रंथालयात जमा करायचा, असा तो व्यवहार आहे.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला यातला मर्म लगेच कळतो. कुठल्याही कार्यालयात 'माहिती जपली पाहिजे' याला कोणाचाच विरोध नसतो. प्रश्न एवढाच असतो की, ती जपणे हे कोणाचे काम? ज्याच्या कर्तव्यसूचीत ते लिहिलेले नाही, तो ते करणार नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. अमेरिकेने हे काम कायद्यात लिहून एका कार्यालयाच्या माथी मारले.

या ग्रंथालयातील एक संग्रह मी अधूनमधून उगाचच चाळतो. तेथील इंटरस्टेट कॉमर्स कमिशन या नियामक मंडळाला १९१० च्या कायद्याने रेल्वे अपघातांची चौकशी करण्याचे अधिकार मिळाले आणि १९११ पासून अहवाल निघू लागले. ते सारे अहवाल येथे आहेत. गाव, तारीख, कंपनी, कोणती गाडी कुठून किती वाजता सुटली, चालकाने काय सांगितले, सिग्नल कसा होता, आणि शेवटी निष्कर्ष. भाषा कोरडी, विशेषणे नाहीत. ९ जुलै १९१८ रोजी टेनेसी राज्यातील नॅशव्हिलजवळ एकाच लोहमार्गावर दोन प्रवासी गाड्या समोरासमोर आदळल्या आणि सुमारे शंभर माणसे मेली. लाकडी डब्यांचा चुराडा झाला. मृतांत दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला निघालेले कृष्णवर्णीय मजूर मोठ्या संख्येने होते. रोझा पार्क्सच्या नावाच्या फडताळात त्यांचाही कागद आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी. १८८७ साली स्थापन झालेले ते मंडळ १९९५ च्या अखेरीस बरखास्त झाले. संस्था गेली, तिची इमारत दुसऱ्यांच्या ताब्यात गेली, पण तिचे अहवाल आज कोलकात्यात किंवा कोल्हापुरात बसून वाचता येतात.

आता आपल्याकडे पाहू. रेल्वे अपघातांची चौकशी आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि त्यांचा निःपक्षपातीपणा राखण्यासाठी हा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवला आहे. ही रचना अतिशय शहाणपणाची आहे. त्याच मंत्रालयाखाली विमान अपघात अन्वेषण विभागही आहे. त्याचे अहवाल मात्र संकेतस्थळावर असतात. २०२० च्या कोझिकोड येथील दुर्घटनेचा अहवाल कोणीही वाचू शकतो. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या भीषण अपघाताचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात लोकांसमोर आला आणि त्यातल्या एकेका वाक्यावर देशभर खल झाला. रेल्वेच्या चौकशांचे अहवाल अशा रीतीने क्रमवार लावून लोकांसमोर ठेवण्याची प्रथा पडलेली नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आयुक्तांचा अहवाल गेला तेव्हा दुसऱ्या यंत्रणेचा तपास चालू असल्याने तो उघड करणार नाही, असे सांगण्यात आले. सिग्नलच्या जोडणीत झालेले बदल सदोष होते, हे पुढे संसदेतील उत्तरात आले. उत्तर आले ही चांगलीच गोष्ट. पण सिग्नल विभागात नव्याने रुजू झालेल्या एखाद्या कनिष्ठ अभियंत्याला चार ओळींच्या उत्तराचा काय उपयोग? त्याला तो अहवाल आकृत्यांसकट, साक्षींसकट हवा असतो. एकाच मंत्रालयाच्या छताखाली दोन प्रथा नांदतात, आणि आकाशातला मृत्यू व रुळांवरचा मृत्यू यांत असा भेद का असावा याचे पटेल असे कारण मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

आपल्या पूर्वसूरींना या गोष्टीचे महत्त्व कळत नव्हते असे मात्र मुळीच नाही. भारतातील रस्तेविकासाचा विचार करण्यासाठी १९२७ साली एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्यांच्या १९२८ च्या अहवालातूनच पेट्रोलवरील जादा कर आणि १९२९ चा केंद्रीय रस्ते निधी निघाला, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण रस्त्यांविषयीचे ज्ञान आणि अनुभव एकत्र करणारी एक निमसरकारी तांत्रिक संस्था असावी आणि संशोधनाची सोय व्हावी, असेही त्या समितीने म्हटले होते. त्यातून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस आली आणि पुढे १९५२ मध्ये दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था उभी राहिली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव दिले गेले. पुण्यात शिकलेल्या वाचकांनी 'जयकर'मध्ये परीक्षेपूर्वीच्या कित्येक दुपारी काढल्या असतील. ज्यांच्या नावाच्या त्या लांब मेजांवर आपण टिपणे काढली, त्यांच्याच समितीने ज्या मुंबई-आग्रा मार्गावरून आपण गावी जातो तशा रस्त्यांच्या कारभाराची घडी बसवली, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितले नव्हते.

म्हणजे ज्ञान एकत्र करण्याची कल्पना आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षांची आहे. अडते ते पुढच्या पायरीवर.

काही वर्षांपूर्वी एका रस्ता-प्रकल्पाच्या आर्थिक मूल्यमापनावर अभिप्राय देण्यासाठी नस्ती माझ्याकडे आली. असे मूल्यमापन करताना नवा रस्ता झाल्याने वाहनांचा इंधन, टायर, देखभाल यांवरचा खर्च किती वाचेल आणि प्रवाशांच्या वाचलेल्या वेळेची किंमत काय, हे काढावे लागते. सल्लागार कंपनीने वेळेचे दर दिले होते आणि त्याखाली 'यापूर्वीच्या अभ्यासानुसार' एवढेच लिहिले होते. कोणता अभ्यास, असे मी विचारले. कंपनीने कार्यालयाकडे बोट दाखवले. कार्यालयाने तो आमच्याच पैशाने पंधरा वर्षांपूर्वी झाल्याचे मान्य केले. अहवालाच्या सहा बांधीव प्रती आणि एक सीडी आल्याची नोंद आवक वहीत होती. एक प्रत सहसचिवांसोबत त्यांच्या बदलीच्या वेळी गेली असावी, असा एका सेक्शन ऑफिसरचा कयास होता. दोन प्रती कार्यालय दुसऱ्या इमारतीत हलले तेव्हा जुन्या कागदांच्या निर्लेखनात गेल्या. उरलेल्यांचे कोणालाच सांगता येईना. सीडी मात्र सापडली. ती वाचणारे यंत्र त्या मजल्यावर नव्हते, आणि ते मिळाल्यावर सीडीत केवळ मुखपृष्ठ व प्रस्तावना निघाली. शेवटी त्या विषयावर नवा अभ्यास करवून घ्यावा, असा प्रस्ताव मांडला गेला आणि मंजूरही झाला. जनतेने एकाच ज्ञानाची किंमत दोनदा मोजली. लेखापरीक्षणात असली गोष्ट सहसा सापडत नाही, कारण दोन्ही खर्चांना मंजुरी होती, निविदा होत्या, पावत्या होत्या.

उलट उदाहरणही आहे. १९७७ ते १९८२ या काळात केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने जागतिक बँकेच्या साहाय्याने भारतीय रस्त्यांवर एक मोठा अभ्यास केला. ट्रक, बस, मोटारी चालवणाऱ्यांचा खर्च खराब आणि चांगल्या रस्त्यांवर कसा बदलतो, याची मोजमापे घेतली. असेच अभ्यास केनिया, कॅरिबियन बेटे आणि ब्राझील येथेही झाले होते. या साऱ्यांच्या आधारे बँकेने रस्त्यांच्या बांधणीचे व देखभालीचे आर्थिक प्रारूप तयार केले आणि १९८७ मध्ये त्यावरचे ग्रंथ प्रसिद्ध केले. आज ते बँकेच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. सत्तरच्या दशकात आपल्या घाटांत हाफणाऱ्या ट्रकांचा हिशेब मला हवा असतो तेव्हा मी वॉशिंग्टनच्या दारातून आत शिरतो. याचा मला राग येत नाही; पण शास्त्रीभवनाच्या व्हरांड्यात उभे राहून हे करताना थोडे चमत्कारिक वाटते, एवढे खरे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक मुद्दा सांगितल्यावाचून राहवत नाही. पॉल सॅम्युअल्सन यांनी १९५४ मध्ये सार्वजनिक वस्तूंची जी मांडणी केली, तिचे लक्षण असे की, एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. अहवाल ही अशीच वस्तू आहे. तो तयार करायला कोटी रुपये लागोत. दुसऱ्या वाचकाला तो देण्याचा खर्च शून्याजवळ असतो. मग त्यावर किंमत लावली की जो वाचक गळतो, तो गरजवंत असूनही विनाकारण गळतो. रस्त्यांच्या रचनेची आपली मानके आजवर बहुतांशी किंमत देऊनच मिळत आली आहेत. मोठ्या कंत्राटदाराला ती किंमत जाणवत नाही. जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्याला, गावातल्या रस्त्याची जाडी टेपने मोजू पाहणाऱ्या सरपंचाला, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला जाणवते.

उघडेपणाने काय साधते, याचा एक नमुना देतो. ऑक्टोबर १९५८ ते नोव्हेंबर १९६० या काळात इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या वर्तुळाकार रस्त्यांवर अमेरिकन लष्कराच्या जवानांनी ट्रक अहोरात्र फिरवले. निरनिराळ्या जाडीचे थर, निरनिराळी ओझी. चाकांच्या आसावरील भाराच्या अकरा लाखांहून अधिक फेऱ्या. खर्च सुमारे दोन कोटी सत्तर लाख डॉलर. ही 'आशो रोड टेस्ट'. तिचे अहवाल १९६१-६२ मध्ये निघाले आणि आज वाचायला खुले आहेत. त्यातून असे दिसले की, रस्त्याची हानी भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर हानी दुपटीने नव्हे, सोळापटीने वाढते. आपल्या डांबरी रस्त्यांच्या रचनेतील 'प्रमाण आस' ही कल्पना याच अभ्यासातून आलेली आहे.

जुलै २०१८ मध्ये आपल्या सरकारने मालवाहू वाहनांच्या भाराची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एकेरी आसाला १०.२ टनांऐवजी ११.५ टनांची मुभा मिळाली. ११.५ ला १०.२ ने भागून त्याचा चौथा घात काढा, उत्तर १.६ च्या थोडे वर येते. पावणेतेरा टक्के जादा भाराला साठ टक्क्यांहून अधिक जादा झीज. या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे : फेऱ्या कमी होतात, डिझेल वाचते, आणि तसेही ट्रक मर्यादेपलीकडे भरून धावतच होते. पण तोलामोलाची चर्चा करायची तर दोन्ही पारडी समोर हवीत. एका पारड्यातला आकडा कोणीही शाळकरी मुलगा काढू शकतो, कारण साठ वर्षांपूर्वीच्या परीक्षणाचा निष्कर्ष कोणी कुलूपबंद केला नाही. दुसऱ्या पारड्यात आपल्या रस्त्यांवरची, आपल्या पावसातली, आपल्या चिकणमातीवरची मोजमापे पडायला हवीत. ती घेतली जातात, हे मी जाणतो. ती त्या सहा प्रतींत असतात.

कायद्याचाही एक भेद आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या लेखनावर स्वामित्वहक्क नसतो. १९७६ च्या कायद्याचे कलम १०५ तसे स्पष्ट सांगते. आपल्या १९५७ च्या कायद्यात तो हक्क सरकारचा असतो आणि साठ वर्षे टिकतो. विधिमंडळापुढे ठेवलेल्या समित्यांचे अहवाल छापायला मोकळीक आहे, हा अपवाद. पण सल्लागाराने दिलेला सविस्तर प्रकल्प अहवाल, वाहतुकीची गणना, मातीच्या चाचण्या यांतले काही विधिमंडळापुढे जात नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम न मागता माहिती प्रकट करायला सांगते. आम्ही ते कलम अधिकाऱ्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि वेतनश्रेणी लावून साजरे करतो.

अमेरिकेचे सारे आदर्श आहे असेही मी म्हणणार नाही. २०२५ च्या सुरुवातीला सत्ताबदलानंतर तेथील कित्येक सरकारी संकेतस्थळांवरून पाने आणि आकडेवारीचे संच काढून टाकले गेले, आणि विद्यापीठांतील लोकांनी रात्री जागून त्यांच्या प्रती उतरवून ठेवल्या. पडद्यावरचे ग्रंथालय एका आदेशाने रिकामे होऊ शकते. बांधीव पुस्तक निदान वाळवीला काही वर्षे लावते. म्हणून मला वाटते की, अहवाल एकाच ठिकाणी नको. मंत्रालयात एक, संशोधन संस्थेत एक, आणि दोन-तीन विद्यापीठांच्या ग्रंथालयांतही त्यांच्या संगणकीय प्रती असाव्यात.

माझ्या हातात होते तेवढे मी एका कार्यालयात करून पाहिले. सल्लागारांच्या करारात एक कलम घातले : अंतिम देयकापूर्वी अहवालाची शब्दशोध करता येईल अशी प्रत आणि मूळ मोजमापांच्या तालिका जमा कराव्यात, व त्या मिळाल्याचे ग्रंथपालाचे प्रमाणपत्र देयकाला जोडावे. वित्त शाखेने एका बैठकीत ते मान्य केले, हेच नवल. कलम लागू झाल्यावर पहिल्याच वर्षी नऊ अहवाल तालिकांसकट जमा झाले. दहाव्या अहवालाचे देयक परत आले. ग्रंथपाल सेवानिवृत्त झाले होते, ते पद पाच वर्षे रिक्त राहिलेल्या पदांच्या यादीत जाण्याच्या मार्गावर होते, आणि प्रमाणपत्रावर सही कोणी करायची याविषयी नस्ती आस्थापना शाखेकडे गेली होती. तोवर सही करण्याचा अधिकार तात्पुरता एका अवर सचिवांना द्यावा, अशी टिपणी मी लिहिली. त्यांनी ते आनंदाने स्वीकारले आणि पहिल्याच दिवशी मला विचारले, "साहेब, ह्या तालिका उघडतात की नाही, हे मी तपासायचं का?" मी म्हटले, "तेवढंच तपासा."